भागामावशीची करडई

करडई पहाटेच काढावी लागते. ऊन चढलं की तिचे काटे ताठ होतात आणि हात लावू देत नाहीत. अंगावर दहिवर असतं तोवर ती जरा मऊ, ऐकण्यातली असते. म्हणून फाल्गुनात आमच्याकडच्या बायका फटफटायच्या आत रानाची वाट धरायच्या, हातापायांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळून. लांबून बघणाऱ्याला वाटावं, दवाखान्यातून अर्धेमुर्धे बरे झालेले लोक पळून शेतात शिरलेत. मला तरी तसं वाटायचं. कारण ज्या फाल्गुनाबद्दल मी लिहितो आहे त्या फाल्गुनात माझाही उजवा पाय मांडीपासून घोट्यापर्यंत बांधलेला होता, आणि ओसरीतल्या खाटेवरून मी रस्त्यानं जाणाऱ्या त्या बायका बघत पडलेला असायचो. बांधलेला मी एकटाच नाही, एवढाच काय तो दिलासा.

परवा हे सगळं एकदम वर आलं. केजहून गावाकडं येत होतो. गाडी लेक चालवत होती, मी तिच्या शेजारी, मागं मंगल, म्हणजे माझी बायको. आमचा तो डांबरी रस्ता आता चांगला रुंद, सिमेंटचा झाला आहे. एका वळणानंतर लेकीनं करकचून ब्रेक दाबला. रस्त्याच्या अर्ध्या अंगाला करडई पसरलेली होती. कडेला दगडांची ओळ, काठीला बांधलेलं लाल फडकं, आणि पलीकडं लिंबाखाली डोक्यावर टॉवेल टाकून बसलेला एक माणूस.

"काय लोक आहेत!" लेक म्हणाली. "हा रस्ता आहे की खळं?"

"दोन्ही," मी म्हणालो.

माझा उजवा पाय गाडीच्या तळाला इतका जोरात रुतला होता की तो उचलून घ्यायला मला वेळ लागला. मंगल काय बघत असेल ते मला मागं न वळता कळत होतं.

लेकीला सांगितलं असतं तर कळलं असतं का, कोण जाणे. ज्यांच्या दारात बैल होते त्यांची खळी रानात व्हायची. ज्यांच्याकडं बैल नव्हते, किंवा असूनही उसाच्या गाडीला जुंपून कारखान्यावर गेलेले असायचे, त्यांच्यासाठी डांबरी रस्ता हाच बैल होता. करडई, तूर, हुलगा, जे असेल ते सकाळी रस्त्याच्या अर्ध्यात पसरायचं आणि सावलीला बसायचं. एसटी यायची, ट्रक यायचा, चाकाखाली बोंडं फुटायची. ड्रायव्हर लोक मुद्दाम त्यावरून गाडी घालायचे, वर खिडकीतून ओरडायचे, "मावशे, पायलीभर आमची!" दुचाकीवाल्यांनी मात्र उरलेल्या अर्ध्यातून जायचं. कारण करडईचा दाणा पांढरा, गुळगुळीत, सायकलच्या छऱ्यासारखा. ट्रकला तो काही करत नाही, पण फटफटीचं चाक त्यावर आलं की संपलं. हे आमच्याकडं शाळेत न गेलेल्या माणसालाही ठाऊक होतं. मलाही होतं.

ते दिवस वेगळेच होते. टीव्हीवर सारखं सांगत, देश खुला झाला. आमच्या दुकानापुरता देश खुला झाला म्हणजे शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लटकू लागल्या, बाजूच्या गाळ्यात पिवळ्या रंगाचा फोनचा डबा आला, आणि घाण्याचं तेल मागणारी माणसं प्लास्टिकच्या पिशवीतलं पांढरं तेल मागू लागली. आमचं लिंगायताचं किराणा दुकान. अण्णा, म्हणजे माझे वडील, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढून गल्ल्यावर बसत आणि त्या पिशवीकडं संशयानं बघत. "ह्याला वास कावून न्हाई?" एवढंच विचारत. पण विकत. त्याच सुमारास मी फटफटी घेतली. लाल रंगाची, आणि दोन आरसे असलेली.

आमच्याकडं गाडी घेतली की पहिलं काम आरसे काढून टाकायचं. आरसा ठेवणारा म्हणजे बाईलबुद्ध्या. यासीन मिस्त्री, माझा शाळेपासूनचा दोस्त, पान्हा घेऊनच उभा होता. मी नको म्हणालो तसा तो हसला. "कावून बे? न्हाव्याचं दुकान टाकायलास का?" अण्णांना मात्र बरं वाटलं. पोरगा जपून चालवतो, मागचं बघून चालवतो, असं ते दुकानात बसणाऱ्यांना सांगत.

मी मागचंच बघत होतो. त्यात खोटं काही नव्हतं.

लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं. मंगल घाटनांदूरची. आमच्या घरात तेव्हा सूनबाईनं दिवसा नवऱ्याशी बोलायची पद्धत नव्हती. ती चुलीपाशी, मी दुकानात. जेवायला वाढायला आई. रात्री कंदिलाएवढा उजेड, तोही लवकर विझायचा. सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही, पण माझ्या बायकोचा चेहरा उन्हात कसा दिसतो हे मला माहीत नव्हतं. पहिल्यांदा तिला माहेराहून आणताना, ती मागं डाव्या अंगाला पाय सोडून बसलेली, आणि डावा आरसा चुकून आत वळलेला. त्यात एक बाई दिसली. वाऱ्यानं डोक्यावरचा पदर मागं पडलेला, डोळे बारीक केलेले, ओठात पदराचा काठ. हनुवटीवर एक छोटा तीळ होता. तो मला तेव्हा कळला.

मग तो आरसा मी कधी सरळ केलाच नाही.

तिला ते कळलं होतं का? फार लवकर. आधी ती लाजून दुसरीकडं बघायची. नंतर सरळ आरशात बघू लागली. घरात आम्ही बोलत नव्हतो, पण गावाबाहेरचा नाला ओलांडला की आरशात आमचा संसार सुरू व्हायचा. पोटपाण्याचं बोलणं नाही, काही नाही. नुसत्या भुवया, नुसतं हसू. नाल्याच्या अलीकडं आलो की ती पदर ओढून घ्यायची आणि पुन्हा सूनबाई व्हायची.

त्या दिवशी केजच्या बाजाराहून येत होतो. ऊन कलतं झालेलं. कुणाच्या तरी रानातून तिनं हरभऱ्याचा टहाळ घेतला होता, आणि मागं बसून एकेक घाटा सोलून खात होती. हरभऱ्याच्या पानाला आंब असते. बोटं चाटली की दात आंबतात. मी आरशात बघतोय हे बघून तिनं ती आंबट बोटं चोखली, डोळे मिटले, आणि लहान पोरासारखी जीभ काढून मला दाखवली.

मी हसलो. खूप हसलो. पुढं लिंबाचं झाड आलेलं दिसलं नाही, दगडांची ओळ दिसली नाही, लाल फडकं दिसलं नाही. चाकाखाली काहीतरी पाण्यासारखं वाहिलं.

मंगल करडईच्या ढिगावर पडली. काट्यांनी तिला झेललं. हातात, गालात काटे भरले, पण हाड शाबूत. मी गाडीखाली. आठवतं ते एवढंच, की कानाशी करडईचे दाणे अजून टपटप पडत होते आणि एक म्हातारी ओरडत पळत येत होती, "आरं देवा, माझ्या करडईनं घात केला! माझ्या करडईनं घात केला!"

तीच भागामावशी. रस्त्याकडेला तिचं रान. नवरा केव्हाच गेलेला, लेक-सून बैलगाडी घेऊन उसाला. एकटीनं काढलेली करडई तिनं एकटीनं रस्त्यावर पसरली होती. तिनंच जीप थांबवली, तिनंच माझं डोकं मांडीवर घेतलं, आणि अंबाजोगाईच्या दवाखान्यापर्यंत ती "घात केला, घात केला" म्हणत राहिली.

दवाखान्यात अण्णांनी विचारलं, "कसं झालं?"

खाटेच्या पायथ्याशी मंगल उभी होती. गालात मोडलेला काटा तसाच होता. तिनं माझ्याकडं बघितलं. आई शेजारी होती, दोन चुलते होते, गावची आणखी माणसं होती. काय सांगायचं? बायकोनं जीभ दाखवली म्हणून मी हसत होतो? माझ्या कानापर्यंत रक्त चढलं.

"करडई होती रस्त्यावर," मी म्हणालो.

त्या वाक्यात एकही शब्द खोटा नाही. आयुष्यात पुढं मी बऱ्याच थापा मारल्या, दुकानदाराला माराव्याच लागतात; त्यातली एकही मला इतकी जड गेली नाही जितकं ते खरं वाक्य गेलं. मनाची समजूत घालायला कारणंही होती. आईला आरशाचं कळलं असतं तर तिनं सगळा पाय मंगलच्या पदरात टाकला असता. नव्या सुनेचा पायगुण हा शब्द तिच्या ओठावर तयारच असायचा. तेव्हा मी बायकोला वाचवतोय, असं मी मला सांगत होतो. खरी गोष्ट अशी, की मला लाज वाटत होती. बायकोवर जीव आहे याची.

पुढचं झरझर झालं. अण्णांचं ग्रामपंचायतीत वजन होतं. मी ओसरीत पडलो होतो तेव्हा कोतवालाची दवंडी आमच्याच दारावरून गेली. रस्त्यावर कुणी पीक पसरायचं नाही हो. हलगी वाजत लांब गेली. आई दारात उभी राहून म्हणाली, "बरं झालं. त्या भागीनं माझ्या लेकराचा पाय खाल्ला." आत मंगलच्या हातून तांब्या पडला. मी भिंतीकडं तोंड केलं.

प्लास्टर निघालं तेव्हा चैत्र संपत आला होता. खालून जो पाय निघाला तो माझा वाटेना. सुकलेला, पांढरट, अंधारात वाढलेल्या मोडासारखा. आणि एक दिवस तिसऱ्या प्रहरी भागामावशी ओसरीच्या पायरीशी येऊन उभी राहिली. हातात दारूची रिकामी चपटी बाटली, तिच्यात पिवळं तेल.

आईनं बाटली बघितली आणि कपाळाला हात लावला. "आगं, लिंगायताच्या दारात हे काय आणलंस?"

"बाटलीकडं नका बघू आक्का, तेल बघा. घाण्याचं हाय. त्याच करडईचं हाय."

त्याच करडईचं. पोलीस नाही, कोर्ट नाही, पण रस्त्यावरची माती झटकून, निवडून, घाण्यावर नेऊन तिनं त्या करडईचं तेल काढलं होतं, आणि जिनं पाय मोडला तिच्याच तेलानं तो भरून येईल असा तिचा हिशेब होता. आईनं तिला बस म्हटलं नाही. ती आपणच बसली, पाय मांडीवर घेतला आणि चोळू लागली. तिचे तळहात करडई काढून काढून इतके खरबरीत झालेले, की तेल लावलेला खरबरीत कागद फिरावा तसं वाटे. पण त्या हातांना कुठं दाबायचं आणि कुठं नुसतं फिरायचं ते कळत होतं. उन्हाळाभर ती आली. तिच्या गप्पा चालत. कुणाची म्हैस व्याली, उसावरून लेकाचा निरोप आला का, पांढऱ्या तेलात तळलेली भजी कशी गिळवत नाहीत.

"लेकरा, दुखतंय का?"

"न्हाई."

"दुखत आसंल तर बोल. तू बोलत न्हाईस बग. लहानपणी पण न्हवतास बोलत. गोळी घ्यायला आलं तर नुसती बरणी दाखवायचा."

मी तेव्हाही नुसती बरणीच दाखवत होतो.

दाराआड मंगल उभी असायची. मावशी निघाली की ती तांब्याभर पाणी घेऊन बाहेर यायची, मावशीच्या हातावर घालायची, आणि आत जाताना माझ्याकडं बघायची. आरशाशिवाय. त्या बघण्यात जीभ-बीभ काही नव्हती.

गाडी दुकानामागच्या खोलीत होती, पेंडीची पोती अंगावर घेऊन. यासीननं ती केव्हाच दुरुस्त करून ठेवली होती. "शिवा, उभी उभी मरंल बे ती," तो म्हणायचा. "जनावर हाय. फिरवलं न्हाई तर बसतं." अण्णा म्हणायचे विकू. आई म्हणायची, जाळू. एकदा दुपारी, सगळे पडलेले असताना, मी पोती बाजूला सारून तिच्यावर बसलो होतो. नुसता बसलो. हँडल धरलं. आणि कानाशी पुन्हा ते दाणे टपटप पडू लागले. डाव्या आरशाला एक तडा गेला होता, पण तो होता तसाच आत वळलेला. त्यात खोलीच्या छताचा एक वासा दिसत होता.

दसऱ्याला गाड्या, तराजू, वजनं, सगळ्यांची पूजा. आईनं कुरकुरत फटफटीलाही हार घातला. हळदीकुंकू मंगलनं लावलं. हँडलला, टाकीला, आणि जाता जाता बोटाचं कुंकू तिनं डाव्या आरशावर टेकवलं. सगळे पुढं गेले तेव्हा मी मागं राहिलो.

"मी चालवावी म्हणतो पुन्यांदा," मी म्हणालो. "बसशील का मागं?"

ती हार सारखा करत होती. "बसंन की."

"भ्या वाटत न्हाई?"

"तुमच्या चालवायचं न्हाई वाटत." मग तिनं हात थांबवला. "आव्हो, जीब मी काढली, पाय तुमचा मोडला, अन् शिव्या मावशी खाती. हे कसं? तिला खरं सांगा. मग बसंन. तवर आपल्याला जीप हाय, एसटी हाय."

लग्नानंतर दिवसाउजेडी ती माझ्याशी इतकं सलग पहिल्यांदा बोलली होती.

मी सांगितलं नाही. उद्या सांगू, परवा सांगू. गाडी मात्र चालवू लागलो. आधी शेताच्या वाटेनं, पाय टेकवत टेकवत, मग रस्त्यानं. भीती गेली असं नाही, पण तिच्यासोबत जाता येऊ लागलं. आणि मग गावानं एक तमाशा बघितला. मंगलला माहेरी जायचं असलं की ती जीपमध्ये बायकांत दाटीवाटीनं बसायची, आणि जीपच्या मागं मागं, मागची सीट रिकामी ठेवून, मी. जीपमधल्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. जीपवाला विचारायचा, "शिवाप्पा, बायकोवर पाळत ठिवतासा का आमच्यावर?" धुळीनं माझं तोंड पांढरं व्हायचं. मागच्या काचेतून ती बघायची. हसायची नाही.

पौष गेला, माघ गेला. पुन्हा पहाटेच्या चिंध्या गुंडाळलेल्या बायका रस्त्यानं जाऊ लागल्या.

त्या दिवशी मी एकटाच केजहून येत होतो. तेच लिंबाचं झाड. रस्ता स्वच्छ, एक काडी नाही त्यावर. आणि आत रानात, शेणानं सारवलेल्या जागेवर, भागामावशी करडई बडवत होती. एकटी. काठी वर जायची, थोडी थांबायची, मग खाली यायची. दर फटक्याला काट्यांचा धुरळा तिच्या तोंडावर उडायचा आणि ती मान बाजूला करायची. अर्ध्या दिवसात टोपलंभर दाणा निघाला होता. मागं ढीग डोक्याच्या वर होता.

मी गाडी लावली आणि बांध ओलांडला.

"आलास व्हय लेकरा? पाय कसा हाय?"

मी सांगितलं. सगळं. उभ्यानं, तिच्याकडं न बघता, ढिगाकडं बघत. आरसा सांगितला. टहाळ सांगितला. जीभही सांगितली. तुझं लाल फडकं होतं, दगड होते, वाट होती, असं सांगितलं.

मला वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ दे लेकरा. मी तशी तयारी करून गेलो होतो.

तिनं काठी खाली टाकली. "मंजी माझी करडई न्हवती?"

"न्हवती."

"आन् मी वरीसभर मरायलेय. रातीला डोळा लागंना. तुझ्या पायापायी मी सोमवार धरले की रं भाड्या! म्हादेवाला पायी गेलते, उपाशी!" तिचा आवाज फुटला. "माझे सोमवार परत दे."

ती चिंधी सोडून डोळे पुसायला गेली, आणि चिंधीतला काटा डोळ्याखाली ओरबाडला. त्याचाही राग तिनं माझ्यावर काढला. किती तरी वेळ ती बोलत होती. आई-बापाचा उद्धार झाला, दुकानाच्या तागडीचा झाला, दवंडीचा झाला. मग ती दमून ढिगाशी बसली. मीही बसलो.

"जीब काढली व्हय तिनं?" तिनं विचारलं.

"व्हय."

"कशी?"

मी, तीस वर्षांचा बाप्या, किराणा दुकानाचा मालक होऊ घातलेला, त्या रानात जीभ काढून दाखवली. ती बघत राहिली. आधी तिचे खांदे हलले, मग ती हसली, मग हसता हसता पुन्हा रडली. मग उठून तिनं दाताळं घेतलं आणि ढीग सपाट ओढायला लागली.

"गाडी आण आत. रस्त्यावर न्हाई टाकू देत तुजा बाप, तर हितं फिरव."

मी गाडी आत घेतली आणि त्या गोल जागेवर पहिल्या गियरात फिरवू लागलो. पाय दोन्हीकडं टेकवलेले, अंग घामानं निथळत. चाकाखाली तोच आवाज. एक फेरी झाली, दुसरी झाली. मावशी दाताळं टेकून बघत होती.

"एकल्याचं वजन पडंना. बोंडं तशीच हायेत. जा, तिला घिऊन ये."

मी घरी गेलो. आई दुकानाच्या पायरीवर होती. मी म्हणालो, मंगलला भागामावशीनं बोलवलंय, कामाला हात पाहिजे. आईनं तोंड वाकडं केलं, पण मी तोवर आतल्या दाराशी गेलो होतो. "सांगितलं," एवढंच म्हणालो. मंगल चुलीपुढची उठली, हात धुतले, आणि सगळ्यांदेखत, आईदेखत, येऊन मागं बसली.

ती दुपार मला अजून घालता येत नाही कुठल्या कप्प्यात. भर उन्हात आम्ही दोघं एका म्हातारीच्या करडईवरून गोल गोल फिरत होतो, माणूस चालेल त्याहून हळू. मंगलनं माझा खांदा घट्ट धरला होता. बोंडं फुटत होती. मावशी दाताळ्यानं काड उलथत आमच्या पुढून बाजूला व्हायची आणि दर फेरीला ओरडायची, "म्होरं बघ! आरशात बघू नको, म्होरं बघ!" मंगल इतकी हसत होती की ते हसू माझ्या पाठीतून मला कळत होतं. मी आरशात बघितलं नाही. यासीनला नंतर चाकाच्या नक्षीत रुतलेले काटे दिसले तेव्हा तो म्हणाला, "अबे, गाडी हाय का कुळव?"

दिवस कलला तेव्हा दाण्याची पांढरी रास पडली होती. मावशीनं मंगलच्या ओटीत ओंजळभर दाणे घातले आणि मला जवळ बोलावलं.

"आता ऐक. मला सांगितलंस, पावलं. आता कुणाला सांगायचं न्हाई."

"अण्णाला तरी सांगतो. दवंडी..."

"गप. तुझ्या आईला कळंल. ती ह्या लेकराला जगू देती का? जल्मभर पायगुण काडंल." तिनं मंगलच्या गालावरून हात फिरवला, काट्याची खूण होती तिथं. "माझं काय, मी म्हातारी. मला चार शिव्या जास्त. माझ्या करडईनंच मोडला तुजा पाय. समजलं?"

ती तेवढ्यावर थांबली नाही. पुढं कित्येक वर्षं दुकानात मीठ-मिरची घ्यायला आली की आईच्या पुढ्यात मुद्दाम मोठ्यानं म्हणायची, "काय बाई माझी करडई तरी! भरल्या गड्याचा पाय मोडला हो." आई समाधानानं मान हलवायची. आणि मावशी आतल्या दाराकडं बघून जिभेचं टोक, नुसतं टोक, दाखवायची. दर फाल्गुनात मी गाडी घेऊन तिच्या रानात जायचो. आई म्हणायची, पाय खाल्ला तरी ह्या येड्याला कळत न्हाई, वरून तिचं खळं करतोय. मी ऐकून घ्यायचो. मंगल मागं बसायची.

मग करडई कमी झाली. पांढऱ्या तेलानं घाणा बंद पाडला, लोक दुसरी पिकं घेऊ लागले. मावशी एका पावसाळ्यात गेली. तिच्या मातीला मी गेलो तेव्हा आई म्हणाली, "कशाला जायलास? तिनं तुजा..." मी चपला घातल्या आणि गेलो. त्या दिवशी सांगायला हवं होतं. मावशीची शपथ होती म्हणून गप्प राहिलो, की सवयीनं, हे मला आजही सांगता येत नाही. अण्णा त्याआधीच गेलेले; गेल्या साली आई गेली. जाईपर्यंत तिच्या लेखी भागी म्हणजे तिच्या लेकाचा पाय मोडणारी बाई.

परवा लेकीनं गाडी हळूहळू त्या करडईच्या कडेनं काढली. लिंबाखालच्या माणसानं हात वर केला. वर लावलेल्या छोट्या आरशात लेकीनं मागं बघितलं आणि ती चक्रावली.

"आई, तू जीभ का दाखवतेस?"

मी म्हणालो, घरी गेल्यावर लिहून देतो.

आता ज्यांच्यापासून लपवायचं होतं त्यांतलं कुणी उरलं नाही, आणि जिला जपायचं होतं तिला आता जपायची गरज नाही. म्हणून अण्णांनी त्या दिवशी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर इथं देतो. करडई होती रस्त्यावर, हे खरं. पण अर्धाच रस्ता होता तिच्याखाली. कडेला दगड होते, काठीला लाल फडकं होतं, आणि बैलगाडी सहज निघून जाईल एवढी वाट भागामावशीनं सोडलेली होती.